कीड, शर्करा आणि दुधाचे दात : बालदंतक्षयाच्या कल्पनेचा इतिहास

मराठीत दात ‘किडतो’. लाकूड किडते, धान्य किडते, वांगे किडते, त्याच क्रियापदाने दातही किडतो. आणि या सर्व प्रयोगांत बाहेरून आत शिरलेला, आतून पोखरणारा एक जीव गृहीत धरलेला असतो. संस्कृत ‘कीट’, प्राकृत ‘कीड’, मराठी ‘कीड’ ही परंपरा सरळ आहे. दातांवर साचणाऱ्या थरास ‘किटण’ म्हणतात, त्याचा मात्र या कुळाशी संबंध नाही. तो शब्द मळ किंवा लोखंडाचा गंज या अर्थाच्या ‘किट्ट’ शब्दावरून आला आहे. उच्चाराच्या जवळिकीमुळे हे दोन शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळतात, इतकेच.

दातातील किड्याची कल्पना केवळ महाराष्ट्राची किंवा भारताची नव्हे. बाबिलोनी मृत्तिकालेखांत दंतशूळावरील एक मंत्र आहे. त्यात सृष्ट्युत्पत्तीच्या क्रमात शेवटी जन्मलेला किडा देवांपुढे जाऊन आपल्या अन्नाची मागणी करतो. देऊ केलेली फळे नाकारतो आणि दात व हिरडी यांच्यामध्ये राहण्याची जागा मागून घेतो. चीनमधील शांग राजवटीच्या अस्थिलेखांत दंतरोगाचे जे चिन्ह वाचले गेले आहे, त्यात दातांबरोबर किडा रेखाटलेला आहे. जपानी भाषेत किडक्या दाताला आजही ‘मुशिबा’, म्हणजे ‘किड्याचा दात’, असे म्हणतात. जर्मन, इंग्रजी व हिंदी या भाषांतही दंतकृमीची शब्दयोजना आढळते. इतक्या दूरदूरच्या समाजांत ही कल्पना एकाच ठिकाणाहून पसरली की स्वतंत्रपणे उद्भवली, हा प्रश्न निराळा. पोखरलेल्या फळात अळी दिसते, म्हणून पोखरलेल्या दातातही ती असावी, हा तर्क कोणासही सुचण्यासारखा आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, रोगाचे नाव हे बहुधा रोगाच्या कारणाविषयीचे एक गृहीत असते. आणि ज्या कारणावर नाव बोट ठेवते, त्याच दिशेने प्रतिबंधाचे प्रयत्न वळतात. लहान मुलांच्या दातांच्या बाबतीत या गोष्टीचे परिणाम फार दूरवर पोहोचले.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून, दंतगत रोगांमध्ये ‘कृमिदंतक’ येतो. तथापि त्याचे वर्णन बारकाईने वाचले असता एक गोष्ट लक्षात येते. दात काळा पडतो, त्याला छिद्र पडते, तो हलू लागतो, त्यातून स्राव होतो, सूज येते आणि तीव्र वेदना होतात, ही लक्षणे तेथे दिली आहेत. रोगाचा कर्ता म्हणून वाताचा निर्देश आहे. प्रत्यक्ष कृमीचे वर्णन या लक्षणांत नाही. कृमी आहे तो नावात. याचा अर्थ, संहिताकारांना लोकव्यवहारातील शब्द स्वीकारावा लागला, परंतु त्याचे स्पष्टीकरण त्यांनी आपल्या दोषसिद्धान्तानुसार केले, असे मानण्यास जागा आहे. चिकित्सास्थानात अशा हलणाऱ्या दाताला उपटून त्याची जागा डागावी, असे सांगितले आहे.

त्याच प्रकरणात ‘दंतशर्करा’ नावाचा आणखी एक रोग आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे असे हे स्थळ आहे. येथे ‘शर्करा’ म्हणजे साखर नव्हे, खडे, वाळू. दातांवर खड्यासारखा घट्ट बसलेला मळ, म्हणजे ज्याला आज किटण म्हणतात तो, या शब्दाने अभिप्रेत आहे. ‘शर्करा’ शब्दाचा मूळ अर्थ हाच असून उसाच्या रसापासून केलेल्या दाणेदार पदार्थाला तो नंतर साधर्म्याने लागला. मराठीतील ‘खडीसाखर’ हा समास त्या जुन्या अर्थाची पुनरुक्तीच करतो. हाच शब्द पुढे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ होऊन युरोपातील बहुतेक भाषांत गेला; ‘खंड’ या शब्दाने ‘कंद’मार्गे इंग्रजी ‘कँडी’पर्यंत असाच प्रवास केला. दाताचा खरा शत्रू ज्या शब्दाने ओळखला जातो, तोच शब्द भारतीय वैद्यकाच्या दंतप्रकरणात दोन हजार वर्षांच्या सुमारास उपस्थित होता. फक्त त्याचा अर्थ तेथे दुसरा होता.

दंतस्वच्छतेचा विचार संहितांत भरपूर आहे. बारा अंगुळे लांबीचे, करंगळीएवढ्या जाडीचे दंतकाष्ठ घ्यावे. कडू वृक्षांत निंब, तुरट वृक्षांत खैर, गोड वृक्षांत मोह आणि तिखट वृक्षांत करंज श्रेष्ठ, असे सुश्रुत सांगतो. परंतु हा दिनचर्येचा भाग आहे आणि दिनचर्या ही जाणत्या माणसाची असते. बालकाच्या दातांचा विचार करावयाचा तर काश्यपसंहितेकडे वळावे लागते. नेपाळमध्ये मिळालेल्या खंडित पोथीवरून सिद्ध झालेला हा कौमारभृत्याचा ग्रंथ १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्याच्या सूत्रस्थानात ‘दंतजन्मिक’ नावाचा अध्याय आहे. माणसाला बत्तीस दात असतात, त्यांपैकी आठ एकदाच उगवतात आणि उरलेले ‘द्विज’, म्हणजे दोनदा जन्मणारे असतात, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक गणनेप्रमाणे दोनदा येणारे दात वीस आणि एकदाच येणाऱ्या दाढा बारा. म्हणजे ग्रंथकाराचा हिशेब चार दाढांनी चुकला. परंतु दुधाचे दात व कायमचे दात यांचा परस्परसंबंध लक्षात घेऊन केलेली ही मांडणी उल्लेखनीय आहे. दात कोणत्या महिन्यात यावेत, मुलींना दात येताना त्रास कमी का होतो, चांगल्या दातांची लक्षणे कोणती, अशा प्रश्नांची तेथे चर्चा आहे. अध्यायाचे सारे लक्ष दातांच्या जन्मावर आहे. आलेला दुधाचा दात टिकावा कसा, हा त्याचा विषय नाही.

ही गोष्ट केवळ भारतातच घडली असे नाही. युरोपातही बालकाच्या दातांचा इतिहास शतकानुशतके दात येण्याच्या भीतीचा इतिहास होता. लंडनमधील मृत्यूंच्या साप्ताहिक नोंदींवर आधारलेला जॉन ग्राँटचा प्रसिद्ध ग्रंथ १६६२ मध्ये निघाला. त्या नोंदींत ‘दात आणि कृमी’ असे मृत्यूचे एक सदर होते. प्लेगच्या वर्षी, १६६५ मध्ये, लंडनच्या वार्षिक गोषवाऱ्यात या सदराखाली २,६१४ मृत्यू दाखविले आहेत. येथील कृमी म्हणजे पोटातील जंत. पण दात आणि कृमी एकाच ओळीत आले, हा योगायोग बोलका आहे. जे मूल दात येण्याच्या वयात दगावले, ते दातांनी दगावले, असा हा तर्क होता. वस्तुतः ते वय स्तनपान सुटण्याचे, वरच्या अन्नाचे व दूषित पाण्याचे, म्हणजे हगवणीचे वय. महाराष्ट्रातील घरांतही ‘दात येताहेत’ हे जुलाबाचे स्पष्टीकरण म्हणून सर्रास दिले जाते, हे येथे सांगावयास हवे.

या भीतीपोटी केलेल्या उपचारांनी प्रत्यक्ष अपाय झाला. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे याच्यापासून हिरडी कापून दाताला वाट करून देण्याची प्रथा रूढ झाली व ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. पुढे दात येण्याच्या त्रासावर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड, असलेली पूड देण्यात येऊ लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तान्ह्या मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सुजणे, अंगाची आग होणे, दात गळणे अशी लक्षणे असलेला एक रोग युरोप-अमेरिकेत आढळत होता. १९४० नंतरच्या दशकात त्याचा संबंध पाऱ्याशी जोडण्यात आला. ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये अशा पुडी बाजारातून काढून घेण्यात आल्या आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. दातांसाठी दिलेल्या औषधाने दात पडत होते.

दातातील किडा मात्र याच्या बराच आधी मेला. निदान विद्वानांच्या दृष्टीने तरी. लेव्हेनहुकने १६८३ मध्ये दातांवरील मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून पाठविले, पण दातांच्या रोगाशी त्यांचा संबंध त्या वेळी कोणी जोडला नाही. १७२८ मध्ये पिएर फोशार याने दंतशास्त्रावरील आपल्या फ्रेंच ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून शोधूनही दातांत किडे सापडले नाहीत, असे नमूद केले आणि गोड पदार्थांविषयी सावध केले. त्यानंतर १७५७ मध्ये जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथील याकोब क्रिस्टियान शेफर याने दातांतील ‘काल्पनिक’ किड्यांवर एक पुस्तिकाच लिहिली. तिचा विषय मोठा मनोरंजक आहे. रोमन काळातील वैद्य स्क्रिबोनिउस लार्गुस याच्यापासून दातदुखीवर खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देण्याची रीत होती. धुरीनंतर भांड्यात पांढुरके, वळवळीत दिसणारे तंतू सापडत आणि ते पाहून रोगी निश्चिंत होई. शेफरने दाखवून दिले की, उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर पडणारे ते भाग होत. रोग्याच्या तोंडाशी त्यांचा संबंध नव्हता.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी दातांना देण्याची जी प्रथा होती, तिची या रीतीशी तुलना उद्‌बोधक ठरेल. भुईरिंगणी आणि खुरासानी ओवा या दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या, धोतऱ्याच्या नातलग आहेत. धुरीने वेदना काही काळ शमत असावी, यात आश्चर्य नाही. उपाय अंशतः लागू पडतो, तेव्हा त्यामागील चुकीचे स्पष्टीकरण अधिकच बळकट होते.

किड्याच्या जागी खरा कर्ता बसविण्याचे काम विलबी डेटन मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये केले. कोखच्या जंतुशास्त्राचा तो बहराचा काळ होता. मुखातील सूक्ष्मजंतूंवरील मिलरचा ग्रंथ १८८९ मध्ये जर्मनमध्ये व १८९० मध्ये इंग्रजीत निघाला. त्याचे प्रतिपादन असे : तोंडातील जंतू पिष्टमय व गोड पदार्थांचे किण्वन करून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच, म्हणजे दंतवल्क, विरघळविते. येथे प्रथमच कारण दोन भागांत विभागले गेले. जंतू आणि त्याचे अन्न. १९२४ मध्ये क्लार्क याने लंडनमध्ये ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जंतू किडक्या दातांतून वेगळा केला. १९४०च्या सुमारास स्टीफनने मोजून दाखविले की, साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरील थराची आम्लता दंतवल्क विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे जाते व पूर्ववत होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. १९५४ मध्ये ऑर्लंड व त्याचे सहकारी यांनी जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना साखरयुक्त अन्न दिले, तरी त्यांचे दात किडले नाहीत. १९६० मध्ये कीजने हॅमस्टर प्राण्यांवरील प्रयोगांतून हा रोग संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे सिद्ध केले.

मराठीत या सिद्धान्ताचे जे रूपांतर झाले, ते भाषिक दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ‘जंतू’ हा शब्द शास्त्रीय परिभाषेत सूक्ष्म जीवासाठी रूढ झाला. त्याच संस्कृत शब्दाचे बोलीतील रूप ‘जंत’ पोटातील कृमीसाठी पूर्वीपासून होते. त्यामुळे ‘दातांत जंतू होतात’ हे वाक्य मराठी कानाला नवे वाटले नाही. किडा गेला आणि त्याच्या रिकाम्या बिळात जंतू येऊन बसला. मिलरच्या मांडणीचा एक अर्धा भाग अशा रीतीने अनायासे पचला. दुसरा अर्धा, जंतूच्या अन्नाचा, बाहेरच राहिला. कारण ‘किडणे’ या क्रियापदात खाणारा कोण हे सूचित होते, त्याला खाऊ घालणारा कोण हे होत नाही.

खाऊ घालण्याचा प्रश्न ज्या प्रयोगाने निकालात निघाला, त्याचा वृत्तान्त अस्वस्थ करणारा आहे. स्वीडनमधील लुंडजवळ व्हीपेहोल्म येथे मतिमंद व्यक्तींसाठी सरकारी संस्था होती. १९४५ ते १९५३ या काळात तेथील चारशेहून अधिक रहिवाशांवर आहार व दात यांच्या संबंधाचे प्रयोग झाले. काहींना जेवणाबरोबर साखर मोठ्या प्रमाणात दिली, काहींना गोड पाव, काहींना चॉकलेट. आणि एका गटाला दिवसातून चोवीस टॉफ्या, त्याही दाताला चिकटून राहतील अशा मुद्दाम तयार केलेल्या, जेवणांच्या मधल्या वेळात देण्यात आल्या. या गटातील लोकांचे दात झपाट्याने नष्ट झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने त्या मानाने थोडीच हानी झाली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, साखरेच्या एकूण वजनापेक्षा ती किती वेळा व किती चिकट रूपात तोंडात जाते, याला अधिक महत्त्व आहे. मुलांना मिठाई आठवड्यातून एकदाच, शनिवारी, देण्याची स्वीडिश पद्धत यातूनच रूढ झाली. ज्यांच्या दातांवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांची संमती घेतली गेली नव्हती आणि ती देण्याच्या स्थितीत ते नव्हतेही. प्रयोगाचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळतो. ही दुसरी बाब फारच थोड्या ठिकाणी आढळते.

तान्ह्या मुलाच्या दातांकडे स्वतंत्र रोगविषय म्हणून पाहण्यास यानंतर सुरुवात झाली. १९६२ मध्ये एलायस फॅस या अमेरिकन दंतवैद्याने बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांमधील एका विशिष्ट चित्राकडे लक्ष वेधले. वरचे पटाशीचे दात हिरडीलगत प्रथम पांढुरके, मग पिवळे-तपकिरी होऊन झिजतात. पाठोपाठ दाढा जातात. खालचे पुढचे दात मात्र शाबूत राहतात. याचे कारण चोखण्याच्या क्रियेत आहे. चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरते आणि लाळेचा पुरवठाही तेथे भरपूर असतो. वरच्या दातांभोवती मात्र गोड द्रव साचून राहतो. झोपेत लाळ अत्यंत कमी होते, गिळणेही मंदावते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे दात रात्रभर त्या द्रवात बुडालेले असतात. महाराष्ट्रात दुधात साखर घालून पाजण्याची सवय सार्वत्रिक असल्याने ही हानी वाढते. जुन्या घरांतील ‘बोंडले’ या बाबतीत निर्धोक म्हणावे लागेल. त्याने दूध पाजावयाचे तर मूल जागे असावे लागे आणि पाजणारे माणूसही. बाटलीने त्या माणसाची सुटका केली.

फॅसच्या वर्णनावरून या रोगास इंग्रजीत ‘बाटलीचा दंतक्षय’ अशा अर्थाची नावे मिळाली. किड्याच्या नावात जो दोष होता, तोच उलट दिशेने येथेही होता. या नावाने सारी जबाबदारी बाटलीवर, म्हणजे पर्यायाने बाटली देणाऱ्या आईवर टाकली. मध किंवा साखर लावलेली चोखणी, गोड औषधे, वारंवार दिली जाणारी बिस्किटे, आणि ज्या घरात दंतवैद्याची भेट परवडत नाही त्या घराचे दारिद्र्य, यांना नावात जागा नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने भरविलेल्या परिषदेत ‘बाल्यावस्थेतील प्रारंभिक दंतक्षय’ अशा आशयाची संज्ञा सुचविण्यात आली व ती पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. सहा वर्षांखालील मुलाच्या दुधाच्या एकाही दातावर क्षय असला, तो भरलेला असला किंवा क्षयामुळे दात काढावा लागला असला, तरी ही संज्ञा लागू होते. मराठीत तिला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘बालदंतक्षय’ हा शब्द सुटसुटीत असला, तरी ‘क्षय’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात फुप्फुसाचा रोग उभा राहतो, ही अडचण उरतेच.

प्रतिबंधाच्या इतिहासातील दुसरा धागा पाण्याचा. १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने स्थानिक लोकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहिले. आणि असे दात किडत कमी, हेही कालांतराने त्याच्या ध्यानी आले. १९३१ मध्ये चर्चिल या रसायनज्ञाने पाण्यातील फ्लुओराइड हे त्याचे कारण असल्याचे दाखविले. दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम इतक्या प्रमाणात डाग जवळजवळ पडत नाहीत आणि किडण्यास मात्र आळा बसतो, हे ट्रेंडली डीनच्या पाहण्यांतून निष्पन्न झाले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात फ्लुओराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये दंतक्षयाचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले.

भारतात ही कथा उलट्या टोकाने सुरू होते. १९३७ मध्ये शॉर्ट व त्याचे सहकारी यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, जादा फ्लुओराइडच्या पाण्यामुळे हाडे ताठरून अपंग झालेल्या लोकांचे वर्णन केले. येथे प्रश्न फ्लुओराइड घालण्याचा नव्हता, काढण्याचा होता. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात तुरटी व चुना वापरून ते काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली, ती या गरजेतून. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना आजही हा प्रश्न आहे. जे मूल्य एका देशात नळातून पुरविले जाते, तेच दुसऱ्या देशात गाळून टाकावे लागते. म्हणून अमेरिकेतील उपाय येथे जसाच्या तसा उचलता येत नाही. फ्लुओराइडचे कार्य मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावरच होते, हे पुढील संशोधनाने स्पष्ट केल्यामुळे या पेचातून वाट निघाली. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लुओराइडयुक्त पेस्ट, तीही मोठ्या माणसाने स्वतः घासून, हे माप अमेरिकन दंतवैद्य संघाने २०१४ मध्ये सांगितले.

२००२-०३ मधील राष्ट्रीय मुखारोग्य पाहणीत भारतातील पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांना दंतक्षय असल्याचे आढळले. या आकड्यामागे ‘दुधाचे दात पडणारच’ हे वाक्य बऱ्याच प्रमाणात उभे आहे. पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे; दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत राहावयाच्या असतात. त्या आधीच गेल्या, तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची जागा अडवितात. तोवर मूल दुखऱ्या दाढेने जेवते, किंवा जेवत नाही. ‘द्विज’ शब्दातील पहिल्या जन्माला लोकव्यवहाराने कधी फारशी किंमत दिली नाही; दुधाच्या दाताचे नावच मुळी त्याच्या तात्पुरतेपणाचे द्योतक मानले गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत फ्लुओराइडयुक्त पेस्टबरोबर चांदी व फ्लुओराइड यांचा एक द्राव समाविष्ट केला. लहान मुलाच्या किडलेल्या दातावर तो नुसता लावला की, यंत्राने कोरण्याचा त्रास न देता क्षय बहुतेक वेळा थांबतो. त्याने किडलेला भाग कायमचा काळा होतो, आणि त्यामुळे पालक या उपचारास नाखूश असतात. सुश्रुताच्या लक्षणयादीत दाताचे काळे पडणे पहिले आहे. या द्रावाने काळा पडून टणक झालेला डाग मात्र क्षय थांबल्याची खूण असतो, आणि हे पालकांना प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगावे लागते.